करडईच्या दुधाची खीर

पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, लागायच्या आधीच सासूबाईंचा फोन आला, कंधारकडच्या आमच्या गावाहून. मी लातूरला मुलींची मेस चालवते. त्या वेळी कणीक मळत होते, म्हणून फोन खांद्यात धरूनच बोलले. त्या म्हणाल्या, "यंदा त्याचं पहिलं पित्तर हाय, आपल्यात तिसऱ्या वर्षीच घालत्यात. आदल्या दिवशीच ये. खीर तुझ्याच हातची लागंल, बायको हायेस तू त्याची. दूध आपल्या म्हशीचं हाय, पाण्याचा थेंब न्हाई त्यात. माझ्या लेकराला पोटभर दुधाची खीर घालायचीय मला. आता तरी."

ते "आता तरी" माझ्यासाठी होतं. पूर्वीची मी असते तर दोन शब्दांना दोनशे परत केले असते. माझी जीभ काही कुणी बांधलेली नाही, माहेरी मला फटाकडीच म्हणायचे. पण मी नुसतं "हाव, आत्याबाई" म्हणाले, फोन ठेवला आणि कणकेला तेलाचा हात लावला. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात.

गोष्ट अशी होती की माझ्या नवऱ्याला दूध पचत नव्हतं. दूध नाही, दही नाही, ताक नाही, खवा नाही. लग्नाची सगळी वर्षं मी त्यांच्यासाठी बिनदुधाचा स्वयंपाक केला आणि गावानं त्याचा अर्थ असा लावला की सुनेनं नवऱ्याचं दूध तोडलं. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले तेव्हा तर विचारूच नका. दूधदुभत्याच्या घरातला गडी, त्याला बायकोनं कोरडा ठेवला, अंगात ताकद कुठून राहणार, असं ज्यानं त्यानं ठरवून टाकलं. आता पितराच्या दिवशी त्याच गावासमोर मी दुधाची खीर केली, तर माझं मीच कबूल केल्यासारखं होणार. नाही केली, तर मेल्यावरही बाई सोडीना म्हणणार. कोणतीही खीर केली तरी तोंड माझंच काळं व्हायचं होतं.

आणि खरं सांगते, मला दोन्हीचं काही वाटत नव्हतं. ते गेल्यापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. पहाटे उठायचं, पोळ्या लाटायच्या, डबे भरायचे, भांडी लावायची. तोंडाची चवसुद्धा गेली होती. आमटीत मीठ आहे की नाही हे मला मुली सांगायच्या. एक जण म्हणायची, "काकू, आज दोनदा पडलंय," की मी बटाटा सोलून आमटीत टाकायची. रडू यायचं नाही. बायका भेटायला यायच्या, माझ्याकडं बघून त्याच रडायच्या आणि मी त्यांना पाणी द्यायची.

यांच्या पोटाचं मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. लातूरच्या डाळ मिलमध्ये मुनीम होते हे. सकाळी पितळी पेला भरून दूध प्यायचे, कारण लहानपणापासून आईनं सवय लावलेली, आणि मग मिलला जाईपर्यंत दोनदा माघारी पळत यायचे. पोट नगाऱ्यासारखं टम्म. मिलमधले हमाल त्यांना चिडवायचे, "मुनीमजी, बैठक गादीवर का परसाकडं?" हे हसायचे. लई सोशिक माणूस. मला सुरुवातीला वाटलं माझ्याच हातचं काहीतरी बाधतंय. नवी नवरी होते, रडूनबिडून घेतलं. मग कळलं, हे आधीपासूनचंच आहे. "माझं जन्माचंच पोट असं हाय," म्हणायचे, जसं काही कुणाचं नाक बसकं असतं तसं.

गावाकडं त्यावर एकच औषध होतं, ते म्हणजे ताक. पोटाला थंड. लहानपणी यांचं पोट दुखलं की आत्याबाई तांब्याभर ताक पाजायच्या, हिंग-जिरं घालून. ताक पाजलं की आणखी दुखायचं. आणखी दुखलं की आणखी ताक. मग कुणाची तरी नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या उतरायच्या, आणि नजर उतरल्यावर अशक्तपणा आला म्हणून रात्री हळद घालून दूध. घरात तीन-तीन म्हशी, मग लेकरू वाळकं कामून राहतंय, म्हणून बाई बेजार. यात आत्याबाईंचा दोष नव्हता. आमच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, पोट बिघडलं तर ताकच सांगतील. मीसुद्धा सासरी आल्यावर पहिलं ताकच केलं होतं.

शेवटी मीच त्यांना ओढत नांदेडला एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हातारे होते, बोलायला तिरसट. त्यांनी विचारलं, "दूध किती पिता?" आमच्या ह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "घरचं हाय साहेब, बक्कळ पितो!" डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. म्हणाले, "पंधरा दिवस दुधाचा थेंब घ्यायचा नाही. दही, ताक, पेढा, काही नाही. तूप चमचाभर चालेल. मग या आणि मला सांगा." परत जायची गरजच पडली नाही. आठवडा जायच्या आत माणूस सुतासारखा सरळ. सकाळी मिलला गेले ते थेट दुपारी जेवायलाच आले. मला म्हणाले, "पोट म्हणून काही असतं हे इसरूनच गेलो की मी." मी देवापुढं साखर ठेवली.

मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. आपल्या स्वयंपाकात दूध किती ठिकाणी आडवं येतं ते बंद केल्याशिवाय कळत नाही. कढी, दहीभात, श्रीखंड, बासुंदी, पाहुण्याचा चहा, प्रसादाचा शिरा, सगळीकडं तेच. मी हट्टाला पेटले. शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळून दूध काढलं आणि त्यात हिरव्या मिरचीचे देठ टाकून दही लावायला गेले. पहिलं जे झालं ते दही नव्हतं, चटणीच रुसून बसली होती. यांनी तेही खाल्लं आणि म्हणाले, "भाकरीला बरं लागतं." चौथ्या-पाचव्या वेळी जमलं. मग त्या दह्याची मिरची-कोशिंबीर, मोहरी फेसून. चिंचेचा कोळ आणि बेसन लावून कढी करायला लागले, वरून लसणाची फोडणी. येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळे रानात जेवायला जातात, तिथं आंबिलीत ताक असतंच असतं. यांच्यासाठी मी ज्वारीचं पीठ दोन दिवस आंबवून वेगळी आंबील करायची आणि मडक्याला खूण म्हणून सुतळी बांधायची. सुतळीचं मडकं सगळ्यात आधी रिकामं व्हायचं, कारण बाकीचेही त्यातलंच मागायचे.

आणि खीर करायची करडईच्या दुधाची. ती माझ्या माहेरची, उदगीरकडची. करडई भिजवायची, पाट्यावर वाटायची, फडक्यातून पिळायची, की पांढरंशुभ्र दूध निघतं. गहू कुटून शिजवायचा, गूळ घालायचा, आणि शेवटी मंद आचेवर ते दूध ओतून हलवत राहायचं. हात थांबला की फुटतं. यांना ती इतकी आवडायची की वाटी चाटून ठेवायचे, धुवायला लाज वाटायची. लातूरच्या मोंढ्यात करडईला काय तोटा! मिलमधून येताना रुमालात बांधून आणायचे आणि दारातूनच म्हणायचे, "मालकीणबाई, आपली म्हैस आणली." अशी आमची म्हैस होती. चारा नाही, शेण नाही.

हे सगळं लातूरला. गावी गेलं की वेगळंच राज्य.

गावाकडं दूध म्हणजे इज्जत. कोरा चहा पाहुण्यापुढं ठेवणं म्हणजे आमची म्हैस आटली असं जाहीर करणं. आत्याबाईंना मी पहिल्यांदा सांगितलं की डॉक्टरनं यांचं दूध बंद केलंय, तेव्हा त्या चुलीपुढून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "तूप चालतं का?" मी म्हणाले, चमचाभर चालतं. "मग दूध कामून चालत न्हाई? एकाच म्हशीचं न्हाई का दोन्ही?" मी जमेल तसं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या, आणि दुधानं भरलेला पितळी पेला यांच्या हातात दिला.

आणि यांनी घेतला. माझ्याकडं न बघता, उभ्या उभ्या, एका दमात. मिशीला साय लागलेली. आत्याबाईंनी पदरानं पुसली, पोराची पुसावी तशी. आणि मला म्हणाल्या, "बघ. काय झालं का?"

काही झालं नाही. तिथं कधीच काही व्हायचं नाही. व्हायचं ते तासाभरानं, एसटीत. आम्ही सकाळी येऊन दुपारी परतायचो, आणि निघायच्या वेळीच आत्याबाई पेला द्यायच्या, वाटेत भूक लागू नये म्हणून. लोहा मागं पडलं की यांचं बोलणं बंद व्हायचं. मग कपाळ पुढच्या शिटेच्या दांडीला टेकवायचे. मान घामानं भिजायची. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी लागली की हे उतरून पळायचे. मी पिशव्या घेऊन मागं उतरायची आणि बाकड्यावर बसायची. गाडी आमची वाट थोडीच बघते, ती निघून जायची. कधी पाऊण तास, कधी दोन तास. हे परत यायचे, पाणी प्यायचे, पुन्हा जायचे. चेहरा पार उतरलेला. मग माझ्या शेजारी बसून पोट दोन्ही हातांनी धरून डोळे मिटायचे. मी पाठीवरून हात फिरवायची. तिथल्या रसवंतीवाल्याला आम्ही ओळखीचे झालो होतो, तो लांबूनच विचारायचा, "आज बी का?"

मी लई भांडले त्यावरून. "ताकाला जाऊन भांडं कामून लपवता?" म्हणाले. "आईला सांगा ना तोंड उघडून! तुम्ही पिता आणि खोटी मी पडते." ते म्हणायचे, "सांगू नको तू बी. तिला लागंल." मी म्हणायची, मला लागतं त्याचं काय? एकदा बाकड्यावर बसल्या बसल्याच म्हणाले, "तिच्याकडं मला द्यायला दुसरं काय हाय गं? शेत भाऊ बघतो, पैसा मी देतो. तिच्याजवळ एक म्हैस हाय." पोट धरून हे सांगत होता माणूस. मी गप्प बसले. रागानं बसले, पण बसले. आणि मग गप्पच राहिले सगळी वर्षं.

त्यामुळं आत्याबाईंच्या बाजूनं बघितलं तर त्यांचं काय चुकलं? त्यांच्या डोळ्यांसमोर लेक पेला रिकामा करतो, काही होत नाही. हसतो, टाटा करतो, गाडीत बसतो. मग लातूरला गेल्यावर दूध बाधतं, ते कसं? एकच अर्थ निघतो. बायको कंटाळा करते, दूध विकत घ्यायला जिवावर येतं, आणि डॉक्टरचं नाव पुढं करते. "माझ्या हातचं बरं पचतं त्याला," हे वाक्य त्यांनी भावकीतल्या एकूण एक बाईला ऐकवलं होतं. माझ्या जावेलाही. माझ्या आईलासुद्धा, लेकीच्या बारशात.

मग दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, दुपारी मिलमध्ये खुर्चीवर बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं. दुधाचा त्यात काही संबंध नाही, असं दवाखान्यात स्पष्ट सांगितलं. पण गावी नेलं तेव्हा आत्याबाईंनी साऱ्या भावकीसमोर माझ्याकडं बोट करून टाहो फोडला, "दुधाविना मारलं गं माझ्या लेकराला हिनं!" शंभर माणसं उभी होती. कुणीतरी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलेन. तोंड उघडलं पण आत काही नव्हतंच. तेव्हा जे बंद झालं ते बंदच राहिलं.

तर अशी मी पितराच्या आदल्या दिवशी निघाले. मेसच्या मुलींना दोन दिवस बाहेर जेवा म्हणून सांगितलं. लेक नागपूरला नर्सिंग शिकते, तिची परीक्षा होती, ती येऊ शकली नाही. अहमदपूरला गाडी थांबली. मी खिडकीतून बाकडं बघितलं. तिथं एक म्हातारा केळं खात बसला होता. मी उतरले नाही. काही वाटलंही नाही.

घरी पोचले तर संध्याकाळची कामं चालू होती. पितर म्हणून यांच्याच वयाचा, शाळेतला एक सोबती जेवायला बसणार होता. आमच्याकडं तशी रीत आहे. गेलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस पाटावर बसतो, त्याचे पाय धुवायचे, कपाळाला गंध लावायचं, आणि त्याला जेवू घातलं की ते गेलेल्याला पोचलं. खीर, कढी, वडे, गवार, भोपळा, असा ठरलेला बेत. दीर तांब्या-पितळेची भांडी घासून ठेवत होते. ओसरीवर आत्याबाई, मी आणि शेजारच्या दोन बायका भाजी निवडत बसलो. मी गवारीच्या शिरा काढत होते.

शेजारीण म्हणाली, "उद्या लई आत्मा थंड होईल बघा त्याचा. आईच्या म्हशीचं दूध."

"हाव ना माय," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं कसं पचायचं त्याला! पेला कधी खाली ठिवला न्हाई माझ्या लेकरानं. तिकडं गेलं की मातर दूध बाधायचं." आणि माझ्याकडं न बघता भोपळा कापत राहिल्या.

तेव्हा मी बोलले. मला राग आला होता म्हणून नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. म्हणाले, "न्हाई पचायचं, आत्याबाई. तुमच्या हातचं बी न्हाई. तुमच्यापुढं प्यायचे आणि अहमदपूरला उतरायचे. दर वेळी. तिथं स्टँडवर दोन-दोन तास संडासात असायचे. घामानं शर्ट भिजायचा. मला सांगू देत नव्हते. म्हणायचे, आईला लागंल."

हातातली गवार संपली होती. मी दुसरी मूठ घेतली.

आत्याबाईंची विळी थांबली. शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. "खोटं," आत्याबाई म्हणाल्या. मग विळी बाजूला सारून, "दर बारीला?"

"दर बारीला."

"मग त्यानं घेतलं कामून?"

"तुम्ही दिलं म्हणून."

त्या उठल्या. अर्धा भोपळा तसाच ठेवून गोठ्याकडं गेल्या. शेजारणींना अचानक घरची कामं आठवली. जाऊ माझ्याकडं डोळे मोठे करून बघत होती. तिला वाटलं असणार, आज हिनं बदला घेतला. इतकी वर्षं या दिवसाची मी वाट बघितली होती हे खरं आहे. अंथरुणावर पडून मी हे वाक्य मनातल्या मनात किती वेळा बोलले असेन, किती चढ्या आवाजात! आणि आता बोलून झालं तर मला फक्त पाय आखडल्यासारखे वाटले. आत्याबाई जेवायला आल्या नाहीत. दिरांनी हाक मारली तर गोठ्यातूनच "भूक न्हाई" म्हणाल्या. आम्ही जेवलो, झाकपाक केली आणि मी पडल्या पडल्या झोपले. झोप मात्र मला कायम लागायची, दगडासारखी.

सकाळी अंघोळ करून मी चुलीपुढं बसले. जावेनं दुधाची चरवी आणून ठेवली होती, भरलेली, वर फेस. मी तांदूळ धुतले, पातेलं चुलीवर ठेवलं आणि दूध ओतलं. होय, मीच ओतलं. मी विचार केला होता, जेवढा तेव्हा मला करता येत होता. मेलेल्या माणसाचं पोट दुखत नाही. जिवंतपणी आईसाठी पीत होते, आताही प्याले असते. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, "कर बाई दुधाची, कशाला भांडण?" मग मी कोण मधे बोलणारी? कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. गाव म्हणेल, शेवटी कबूल केलं हिनं. म्हणू दे. मी इस्तू सारला आणि दूध तापायची वाट बघत बसले.

आत्याबाई मागच्या दारानं आल्या. अंघोळ झालेली, केस ओले, डोळे सुजलेले. त्यांनी पातेल्यात बघितलं.

"उतरव ते," म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या हातची खीरही आता नको झाली. मी म्हणाले, "आत्याबाई, दुधाचीच करून राहिले. तुम्ही सांगितल्यापरमानं."

"उतरव म्हणते ना!" त्या ओरडल्या. आणि मग एकदम हळू, माझ्याकडं न बघता, "त्याला सोसत न्हाई."

मी पातेलं धरायला हात पुढं केला. फडकं कुठं होतं ते दिसेना मला. त्यांनीच पदरानं धरून पातेलं खाली घेतलं आणि जावेला हाक मारून सांगितलं, "हे शेजारी देऊन टाक. आन् कढीला ताक घालू नगं, चिंच भिजव." जाऊ तोंडाचा आ वासून दूध घेऊन गेली. मग आत्याबाईंनी फळीखालून एक पातेलं ओढलं. झाकण काढलं. आत करडई भिजत होती, तेलासाठी ठेवलेल्या पोत्यातली. रात्री कधीतरी त्यांनीच घातली असणार. "आमची माय करायची," म्हणाल्या. "म्हैस आटली की. मला येती करायला."

त्यांनी पाटा-वरवंटा धुऊन घेतला आणि वाटायला बसल्या. मी समोर फडकं धरून बसले. त्या मूठ मूठ वाटून माझ्यापुढं सारायच्या, मी पाणी घालून पिळायची. बाहेर दीर पाट मांडत होते, कुणीतरी पितराला बोलवायला गेलं होतं. वरवंटा आत्याबाईंना जड जात होता, वय झालंय आता. मी म्हणाले, "मी वाटते, सरका." त्या सरकल्या नाहीत.

वाटता वाटता त्यांनी विचारलं, "तिथं उतरल्यावर... अहमदपूरला... कोण असायचं त्याच्यासंगं?"

"मी असायचे."

"पाणीबिणी?"

"पाणी असायचं माझ्याकडं. पाठीवरून हात फिरवायचे मी."

त्यांनी वरवंटा थांबवला. दोन्ही हात तसेच त्याच्यावर. मान खाली घालून म्हणाल्या, "बरं झालं माय, तू व्हतीस. रात्रभर मला वाटून राह्यलं, एकटंच बसायचं की काय माझं लेकरू."

तिथं मला रडू आलं. दोन वर्षांनी, चुलीपुढं, हातात पिळलेलं फडकं धरून. मोठ्यानं आलं, बाहेर ओसरीपर्यंत ऐकू गेलं असणार. आत्याबाईंनी मला गप केलं नाही. त्यांनी पुढची मूठ माझ्यापुढं सारली आणि म्हणाल्या, "पीळ. तो यायची येळ झाली."